उष्टा नान

नवोबाद, ३ ऑगस्ट १९९७

दवलतयोर अका,

काय घडलं ते आधी क्रमानं लिहिते. कारणं नंतर.

१. तुम्ही गेल्या नोव्हेंबरात आणून ठेवलेला कैदी, झियोवुद्दीन, आता तनूरच्या भट्टीमागच्या कोठीत नाही. तो घरात आहे, आपल्या भावाच्या, इस्मतच्या खोलीत.

२. मे महिन्यात या माणसानं इस्मतचा नान खाल्ला. हे तुम्हाला कळलं आहे. कसं घडलं ते कळलेलं नाही.

३. जुलैत शेरमत सुटून आला. इस्मत आणि तो विरोधकांच्या, डोंगरातल्यांच्या एकाच कोठडीत होते. इस्मत फेब्रुवारीतच गेला, हे तेव्हा त्याच्याकडून कळलं.

४. त्यानंतर तुमचा निरोप आला: कैद्याला कुणी हात लावू नये, बातमीपासून मोजलेल्या इस्मतच्या चाळिसाव्याला मी येईन आणि त्याचं काय ते करीन. तुमच्या दिलखुशनं तो अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगितला. कैद्यानंही ऐकला.

५. त्याच संध्याकाळी मी त्याच्या पायांतली साखळी कापली. कुलपाची किल्ली तुमच्याकडे आहे. दातांवरच्या टोप्या कापायची माझी करवत वापरली. तिची पाती गेली. आईला विचारलं नव्हतं.

६. मी त्याला तुमच्या स्वाधीन करणार नाही.

आता कारणं.

नानाबद्दल तुम्हाला शेजारच्या बीबी सोरोच्या घरून कळलं असणार. आपल्या अंगणातली गोष्ट त्यांच्या अंगणात जास्त शिजते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कैद्यानं मुद्दाम, आईला दाखवून, इस्मतचा नान खाल्ला आणि म्हणून इस्मत परत आला नाही. मी त्या दिवशी घरी होते. दवाखान्यात वीज नव्हती, वीज नसली की आमचं कृत्रिम दात घासायचं यंत्र बंद आणि आम्हाला सुट्टी.

आईला इस्मतच्या खोलीला चुना लावून हवा होता. कैदी सुटायला लागलेत असं रेडिओ सांगत होता. काम झियोवुद्दीनला दिलं. साखळी दोन्ही पायांत, त्यामुळे तो एवढी एवढी पावलं टाकत भिंतीकडेनं सरकायचा. त्यानं खिळ्यावरचा नान उतरवला, चुना उडू नये म्हणून. मग तो पुन्हा टांगण्याऐवजी चहात भिजवला आणि खाल्ला. आई चुन्याची दुसरी बादली घेऊन आली आणि दारातच थांबली.

"खिळ्यावरचं कुठं गेलं?"

"खाल्लं, मावशी. वाळून दगड झाला होता. टाकवेना."

"कुणी खायला सांगितलं तुला?"

"नान खा म्हणून कुणी सांगावं लागतं होय?" असं म्हणून तो हसला, आणि मग त्यानं आईचा चेहरा पाहिला. हातातला कुंचला खाली ठेवला. "कुणाचा होता?"

आईनं बादली खाली ठेवली. मी सांगितलं. घरातून लांब निघालेल्या माणसानं एक घास तोडायचा आणि उरलेला नान तो परत येऊन संपवेपर्यंत ठेवायचा, हे त्याला माहीत होतं. त्यांच्या खोऱ्यातही आहे. पण त्यांच्याकडे असा नान पिठाच्या पेटीत, पिठात पुरून ठेवतात. भिंतीवर टांगलेला नान त्याला उरलेला नान वाटला. "माझा आहे पेटीत," तो म्हणाला. "आई असेल, तर असेल."

एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस आईनं स्वतःच्या हातानं त्याला जेवण दिलं नाही. वाटी माझ्याकडे द्यायची आणि तोंड फिरवायची. बीबी सोरो कुंपणावरून म्हणाल्या, "तुमचा इस्मत याच्या पोटात गेला, पोरी." मी त्यांना म्हटलं ते तुम्हालाही लिहिते: इस्मत फेब्रुवारीत गेला, नान मे महिन्यात संपला. मेमध्ये खाल्लेल्या नानानं फेब्रुवारीत माणूस मरत नाही.

इस्मत कशानं गेला तेही लिहिते, कारण शेरमतनं तुम्हाला ते नीट सांगितलं नसेल. तो तुम्हाला घाबरतो. एका शाळेत ठेवलं होतं. बाकं जाळून संपल्यावर शेकायला काही नव्हतं. उकडलेले जव, तेही रोज नाही. पाण्याऐवजी बर्फ. हगवण लागली. शेवटी तो आपल्या वाटचे जव शेरमतला द्यायचा, आणि शेरमत ते घ्यायचा. हे त्यानं मला सांगितलं, आईला नाही.

आणि आपल्या कोठीत? आम्ही खायचो तेच त्याला द्यायचो. या हिवाळ्यात आम्ही फारसं काही खाल्लं नाही. आणलात तेव्हा त्याचे वरचे समोरचे दोन दात रायफलच्या दस्त्यानं मोडलेले होते आणि जबड्यात पू झाला होता. हिरड्यांतून रक्त यायचं. जानेवारीत उजव्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली. आमच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आमच्याच ओसरीत ती कापली. भूल नव्हती. मी त्याचं डोकं धरलं होतं.

शेरमत जे सांगत होता ते मी आधी पाहिलेलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच कुलपाखाली. म्हणून साखळी कापली.

सदबर्ग


नवोबाद, १२ ऑगस्ट

अका,

पत्र मिळालं. तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत, दिलखुशच्या तोंडून धमकी पाठवली नाहीत, हे बरं झालं.

तुम्ही लिहिता: मॉस्कोत तहावर सह्या करणाऱ्यांपैकी एकाचाही मुलगा तविलदाऱ्याच्या लढाईत नव्हता. खरं आहे. ज्यांनी इस्मतला बर्फ खायला घातला त्यांना आता मंत्रालयात खुर्च्या मिळणार. हेही खरं आहे. तुम्ही विचारता: माझ्या हातात त्यांचा एकच माणूस उरला आहे आणि तोही सोड म्हणतेस, मग इस्मतची हाडं कशाच्या बदल्यात मागू?

याला उत्तर द्यायचं तर आधी गेल्या गुरुवारचं सांगते. दोन्ही बाजूंची समिती आपल्या चहाखान्यात आली होती. सरकारचा एक, डोंगरातल्यांचा एक, शेजारी शेजारी. डोंगरातला म्हटलं की दाढीवाला डोळ्यांपुढं येतो, तसा नव्हता. नुकती दाढी केलेला, गालावर कापलेलं. दोघांनी मिळून सांगितलं की कैदी असतील ते द्या, कुणाला जाब विचारला जाणार नाही, झालं गेलं त्यावर पडदा टाका. सगळे माना डोलवत होते. बायका मागं पडद्याआड. मी पुढं गेले. विचारलं की मेलेल्या कैद्यांच्या जागा कोण सांगणार. सरकारचा माणूस म्हणाला, बहीण, आधी जिवंतांचं होऊ द्या. मी म्हटलं, जिवंतांचंच विचारते आहे. माझी आई जिवंत आहे. मग डोंगरातल्यानं तोंड उघडलं. तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे. पण मला खरंच माहीत नाही. आमचीही कित्येक कुठं आहेत ते आम्हाला माहीत नाही."

तेव्हा मी पडदा टाकणाऱ्यांतली आहे असं समजू नका. माफीचा कायदा मला पटलेला नाही. इस्मतला कुणी कोंडलं त्यांची नावं मला हवी आहेत, आज नाही तर वीस वर्षांनी. मी विसरणार नाही, आणि विसर म्हणणाऱ्यांच्या तोंडावर तसं सांगते.

पण तुमचं जे म्हणणं आहे, की एक माणूस हातात असेपर्यंत लढाई संपली नाही, त्याचा नीट विचार केलात का? झियोवुद्दीनला एक भाऊ आहे. मी विचारलं. त्यालाही लोक कमांडर म्हणतात. तुम्ही याला चाळिसाव्याला मारलंत तर तो भाऊ कुणाला तरी उचलेल, शेरमतला, दिलखुशला, कुणालाही, आणि त्याची बहीण त्याला असंच पत्र लिहील. किंवा लिहिणार नाही. समितीनं सह्या केल्या म्हणून हे थांबणार नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ते कुणाच्या तरी घरात थांबवावं लागतं. आपल्या घरात मी आहे.

"डॉक्टर," तो परवा मला म्हणाला, "तुमचे अका आले तर मला कोठीत परत घाला. तुमच्या डोक्याला ताप नको." मी त्याला शंभरदा सांगितलं आहे की मी डॉक्टर नाही, मी दात बनवते. तो म्हणतो, कैद्याला सगळेच डॉक्टर. मी म्हटलं, कोठीत आता बटाटे आहेत, जागा नाही.

त्याला वरचे दोन दात मी केले. टाळ्याला बसणारी पट्टी आहे, गुलाबी, दवाखान्यात उरलेल्या प्लास्टिकच्या मसाल्याची. हेही तुम्हाला बीबी सोरोंकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्या कुंपणावरून विचारत होत्या, "कैदी ठेवलाय की घरजावई?" मी म्हटलं, घरजावयाला एवढ्या स्वस्तात दात बनवून देत नाही.

आईचं विचारलंत. आई त्याच्याशी अजून बोलत नाही. पण मी वाटी घेऊन जायला निघाले की ती वाटी हातातून काढून घेते, अजून एक पळी घालते आणि परत देते.

आता तुम्ही न विचारलेलं एक लिहिते. इस्मतला बाजारात पकडून फौजेत भरती केलं त्या दिवशी भरती कार्यालयाच्या फाटकाशी आई नान घेऊन गेली होती. त्यानं गजांमधून मान पुढे काढून घास तोडला. तुम्ही गणवेशात, आतल्या बाजूला उभे होता. एक शब्द टाकला असतात तर त्याला सोडलं असतं. तुम्ही म्हणालात, कमांडरच्या भावाला वेगळा न्याय लावला तर बाकीच्यांच्या आया काय म्हणतील. त्या वेळी मला ते योग्य वाटलं होतं. आजही पूर्ण चूक वाटत नाही. पण झियोवुद्दीनच्या गळ्यात जे बांधायला निघाला आहात त्यातला काही भाग त्या फाटकापाशी राहिला आहे, एवढं तुमच्या लक्षात असावं.

पुढच्या आठवड्यात दुशान्बेच्या वरच्या रस्त्यावर, पुलापाशी कैद्यांची देवाणघेवाण आहे. मी त्याला घेऊन जाणार आहे. दिवस लिहीत नाही. तुमच्या चौक्या वाटेत आहेत हे मला माहीत आहे.

सदबर्ग


नवोबाद, २५ ऑगस्ट

अका,

झियोवुद्दीन पुलापलीकडे गेला. आता तो तुमच्या हाताबाहेर आहे, म्हणून यापुढचं लिहू शकते.

तुमच्या लोकांना दोष देऊ नका. मी त्याच्या गालात कापूस भरला, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी बांधली आणि वरून लवंगेचं तेल आणि दवाखान्यातलं वास येणारं औषध ओतलं. तुमच्या चौकीवरच्या पोरानं ओळखपत्र मागितलं आणि याला काय झालंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, जबडा सडलाय, दुशान्बेला कापायला नेते, उघडून दाखवू का?

"नको नको, बहीण," तो म्हणाला. "अजून जेवायचंय."

टॅक्सीत पाच जण होतो. बाकीच्यांनी सगळा रस्ता खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मला शिव्या घातल्या.

पुलावर फार काही घडलं नाही. इकडून काही गेले, तिकडून काही आले. तिकडून आलेल्या एकाला चालता येत नव्हतं, त्याला पाठीवर घेऊन झियोवुद्दीनच्याच बाजूचा एक माणूस पुलाच्या मध्यापर्यंत आला आणि आमच्या बाजूच्या शिपायाच्या पाठीवर त्याला चढवून परत गेला. झियोवुद्दीन लंगडत गेला. वळून पाहिलं नाही. मीही हात केला नाही.

आता मुख्य गोष्ट.

हा माणूस लढवय्या नव्हता असं मी आजवर तुम्हाला सांगत आले. ट्रक ड्रायव्हर होता, पीठ न्यायचा. ते खरं आहे, पण पुरं नाही. तविलदाऱ्याजवळ आपली पोरं पकडली गेली तेव्हा त्यांना शाळेपर्यंत नेणारा ट्रक त्याचा होता. हे त्यानं मला मार्चमध्ये सांगितलं, ताप चढला होता तेव्हा, आणि ताप उतरल्यावर पुन्हा एकदा, शुद्धीत. मी ते कुणालाही सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही चाळिसाव्यापर्यंत थांबला नसता.

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं ते आईला सांगितलं. मी सांगू नको म्हटलं होतं. आई तनूरपाशी पीठ मळत होती. तो समोर मातीत बसला.

"मावशी, तुमचा मुलगा माझ्या ट्रकमध्ये होता की नाही मला माहीत नाही. मागं पोरं होती. त्यांनी मला चालव म्हटलं, मी चालवला. आरशात पाहिलं नाही."

आईचे हात थांबले.

"पाहायचं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"गात होती का पोरं? रडत होती?"

"एक जण पाणी मागत होता. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मला..." आई उठून गोठ्यामागं गेली. मला वाटलं, आता ती याला बाहेर काढेल आणि माझं सगळं फुकट जाईल. मी चहा ओतत बसले. चहा सांडला.

ती परत आली, हात धुतले, आणि पुन्हा पीठ मळायला बसली. नान लावले. पहिला निघाला तो फडक्यात धरून त्याच्यापुढं केला.

"चाव."

"मावशी, मी कसा..."

"चाव म्हणते ना. वर्ष होत आलं माझ्या घरचं खातोयस, आता लाजतोस?"

त्यानं घास तोडला. चावताना तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, किंवा आधीच होतं. उरलेला नान आईनं इस्मतच्या खोलीत नेला आणि त्याच खिळ्यावर टांगला. "आता हा संपवायला तुला यावं लागेल," ती म्हणाली. "आणि येताना माझा मुलगा कुठं ठेवलाय ते मला दाखवायचं. इतका रस्ता तुला पाठ आहे."

नान अजून तिथं आहे. कडेला दातांच्या खुणा दिसतात. वरचे दोन मी केलेले आहेत.

मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानं मागितलीही नाही. बीबी सोरो म्हणतात आईचं डोकं फिरलंय, आणि मोहल्ल्यातले म्हातारे म्हणतात की ती फार मोठ्या मनाची बाई आहे. दोघांचंही चुकतंय. तिला इस्मत कुठं आहे ते पाहायचं आहे, आणि ते दाखवू शकणारा माणूस तुम्ही मारायला निघाला होता.

काल चाळिसावा झाला. तुम्ही पाठवलेली मेंढी पोचली. ओश पुलावाची एक थाळी तुमच्यासाठी झाकून ठेवली होती. संध्याकाळी ती शेरमतला दिली. त्यानं सगळी खाल्ली आणि मग अंगणाबाहेर जाऊन उलटी केली.

झियोवुद्दीननं जाताना जागा सांगितली. शाळेमागं उतारावर तीन अक्रोड आहेत, त्यांच्या खालच्या अंगाला. पकडला जाण्याआधी पीठ टाकायला गेला तेव्हा तिथं आधीच्या मेलेल्यांसाठी खोदलेली माती त्यानं पाहिली होती. शेरमतही अक्रोडांचंच सांगतो. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही, याची मी काळजी घेतली. तिथं इस्मत एकटा नाही. त्यांतला इस्मत कोणता हे ओळखायला मी जाणार आहे. वरच्या डाव्या दाढेवरची टोपी माझ्या हातची आहे, शिकत असताना केलेली, एका कडेला जास्त घासलेली. तो जिभेला टोचते म्हणून कुरकुर करायचा. ती मी कुठंही ओळखेन. त्याला घरी आणायचं की तिथंच राहू द्यायचं हे आई तिथं उभी राहून ठरवेल. तुम्ही नाही, मी नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबरला सकाळी कोमसोमोलाबादच्या चौकात ट्रक घेऊन थांबतो असं झियोवुद्दीन म्हणाला आहे. येईल की नाही, मी खात्री देऊ शकत नाही. त्याचा भाऊ त्याला येऊ देणार नाही असंही होईल. मी आणि आई मात्र तिथं असू. तो आला नाही तर शाळेची वाट विचारत जाऊ.

तुम्ही यावं असं आईला वाटतं. मला वाटतं की नाही ते या पत्रात लिहीत नाही. यायचं असेल तर गणवेश आणि शस्त्र घरी ठेवून या; त्या रस्त्यावर आम्ही तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही. ट्रकच्या पुढच्या बाकावर तिघं मावतात: तो, आई आणि मी. तुम्हाला मागं बसावं लागेल, इस्मत बसला होता तिथं.

येणार की नाही ते रविवार, ३१ ऑगस्टपर्यंत कळवा.

सदबर्ग